चौथं प्रकरण

९ जानेवारी, मंगळवार

जीप आज परत उशिरा. ड्रायव्हरला आणखी दोन सवाऱ्या पाहिजे होत्या. कामरगाव ते कारंजा अर्ध्या मांडीवर बसून. पहिला तास जेमतेम सापडला. तासिकावाल्यांचा तास बुडाला की बुडालाच, रजा वगैरे काही नाही.

दुसऱ्या वर्षाला लाभांश शिकवला. मागच्या बाकावरच्या एकीनं विचारलं, "मॅडम, नफा झाला तर कंपनीनं वाटलाच पाह्यजे असा कायदा आहे का?" नाही म्हटलं. वाटायचा की ठेवायचा, कंपनी ठरवते. "मंग लोक कायच्या भरवशावर राह्यतात?" वर्ग हसला. मी नाही हसले. पाच वर्षं मी याच प्रश्नाभोवती फिरतेय.

गाईड सर म्हणतात, आपलं संशोधन दर महिन्याला चार ओळींत लिहून बघायचं. जमलं नाही तर समजायचं डोक्यात गोंधळ आहे. तर: कंपनीनं कर्ज काढणार असं जाहीर केलं की शेअरचा भाव हलतो. कोणाचा पडतो, कोणाचा पडत नाही. जी कंपनी वर्षानुवर्षं नेमानं लाभांश देते तिच्या कर्जाला बाजार फारसा भीत नाही. जी पैसा दाबून बसते, कोणाला काही देत नाही, तिनं कर्ज काढलं तर बाजार कधीकधी उलट खूश होतो. आता व्याज भरावं लागेल, साहेबलोकांना उधळायला उरणार नाही, म्हणून.

इथपर्यंत बाकीच्यांनी लिहून ठेवलंय. माझं स्वतःचं काय? चौथं प्रकरण कोरं.

दुपारी माधुरीताईंच्या डब्यात मेथीची भाजी, अर्धी मला. विभागप्रमुख आहेत, पण सात वर्षांत एकदाही एकट्या जेवल्या नाहीत.


१४ जानेवारी, रविवार

उद्या संक्रांत. आपण करत नाही, पण गल्लीतून तिळाचे लाडू येतातच. मी ओसरीत कागद पसरून बसले होते, सासूबाई समोर तूर निवडत होत्या. विचारलं त्यांनी, "एवढ्या कागदात शोधून काय राह्यली?"

सांगितलं, सोप्या भाषेत. त्या हसल्या. "हे त मले बी माईत हाये. जे बाई सणावाराले आठवणीनं वाटी पाठवते, ते रिकामी वाटी घेऊन साखर मांगाले आली तं कोणी काहून म्हणत नाही. एवढं शिकून हेच शोधून राह्यली का?"

मग तूर चाळता चाळता, अगदी सहज: "पण मांगायच्या आधल्या दिवशी जे गोडधोड आणून देते नं, तिचं मले भेव वाटते."

हातातले कागद उलटे केले. कर्जाच्या घोषणेच्या जरा आधी ज्या कंपन्यांनी अचानक लाभांश वाढवला, त्या वेगळ्या काढून कोणी पाहिल्यात? मी नाही पाहिल्या.


१८ जानेवारी, गुरुवार

चार दिवस दुसरं काही सुचत नाही. रिकाम्या तासाला लायब्ररीत, घरी ओसरीत. त्या कंपन्या वेगळ्या काढल्या. घोषणेच्या आठवड्यात या कंपन्यांचा भाव गप्प. आधीचा वाढीव लाभांश पाहून लोक निर्धास्त. अन् नंतरच्या महिन्यांत हळूहळू घसरण. बाजाराला उशिरा कळतं की ती वाटी कशासाठी आली होती.

नाव ठेवलं: अगोदरचा गोडवा.

दुपारी माधुरीताईंना सांगितलं. त्यांचा घास हातातच राहिला. "सुजाता, हे नवीन आहे. कोणाला सांगितलंस?" फक्त तुम्हाला. "सांगू नकोस. लिही आधी."

किती बरं वाटलं. कोणीतरी ऐकतंय.


७ फेब्रुवारी, बुधवार

माधुरीताईंनी त्यांचा जुना लॅपटॉप दिला. मी नाहीच म्हणत होते. "धूळ खाऊन राह्यला घरी. मुलाने नवीन घेतला." पिशवीत घालून, त्यावर साडी ठेवून दिला, स्टाफरूममध्ये कोणी विचारू नये म्हणून. आता लायब्ररीच्या कॉम्प्युटरसाठी काझी सरांच्या पाया पडायला नको. (काझी सर म्हणतील, मी कधी नाही म्हटलं? खरंय, नाही म्हटलं त्यांनी कधी.)

रात्री लॅपटॉप पाहून नवरा खूश. सुनील म्हणाला, "तुही मॅडम माणूस भारी आहे."


१२ फेब्रुवारी, सोमवार

माधुरीताईंनी माझ्या कंपन्यांच्या आकड्यांचं टेबल आहे ती फाईल मागितली. एम.कॉम.च्या मुलांना दाखवायचंय, खरी आकडेवारी कशी जमवतात ते. चौथ्या प्रकरणाचा कच्चा मसुदाही पाठव म्हणाल्या, भाषा तपासून देते. माझं इंग्रजी अडखळतं हे त्यांना माहीत आहे.

लगेच पाठवलं. मेलमध्ये लिहिलं, "ताई, हवं तसं वापरा."


२१ मार्च, गुरुवार

चूक सापडली. एका सिमेंट कंपनीच्या घोषणेची तारीख मी सतरा लिहिली होती, नोटिशीत अकरा. सहा दिवसांचा फरक, म्हणजे त्या ओळीतलं सगळंच चूक. अख्खं टेबल परत नोटिशींशी ताडलं. बाकी बरोबर निघालं. डोळे लाल. सासूबाईंनी काकडीच्या चकत्या दिल्या, डोळ्यावर ठेवायला. मी खाऊन टाकल्या.

माधुरीताईंकडून मसुदा अजून परत आला नाही. विचारलं तर "अगं, वेळच मिळाला नाही, सॉरी." काही हरकत नाही. मीच घासून घेतला, जमलं तसा.


३० एप्रिल, मंगळवार

आज नेमणूक संपली. जुलै-ऑगस्टात परत अर्ज, परत मुलाखत, परत "यंदा तास किती मिळतील सांगता येत नाही". विभागप्रमुखाची शिफारस लागते. माधुरीताई आहेत तोवर ती काळजी नाही.


८ जुलै, सोमवार

प्रबंध जमा केला. विद्यापीठात. सुनील सोबत आला, रजा टाकून. वीज मंडळाच्या कंत्राटी वायरमनला पावसाळ्यात रजा म्हणजे बोलणी खाणं, तरी आला. पाच प्रती, काळं कव्हर, सोनेरी अक्षरं. खिडकीतल्या बाईनं शिक्का मारला अन् बाजूला सरकवलं, जसं काही रोजचंच. तिच्यासाठी रोजचंच.

बाहेर येऊन सुनील म्हणे, "आता काय म्हणू तुले, डॉक्टर का प्रोफेसर?"

एस.टी.त झोप लागली. मेडशीपर्यंत जाग नाही... नाही, आपला रस्ता तो नाहीच. स्वप्न होतं. लहानपणी मामाकडे जायचो तो रस्ता.


३ ऑगस्ट, शनिवार

माधुरीताईंचं प्रमोशन झालं! पेढे घेऊन घरी आल्या, कामरगावपर्यंत, पावसात. सासूबाईंच्या हातात पहिला पेढा ठेवला. म्हणाल्या, तुमच्या सुनेचा लय हात आहे यात. मी म्हटलं, माझा कसला? त्यावर नुसत्या हसल्या.

माझी नेमणूकही परत झाली. सगळे तास.

बुद्धविहारात पावसाळ्याभरचं वर्षावासाचं वाचन चालू आहे. ताई तिथंही जरा वेळ बसल्या. म्हाताऱ्यांना फार अप्रूप.


२८ ऑगस्ट, बुधवार

तिसऱ्या तासानंतर गाईड सरांचा फोन.

"सुजाता मॅडम, तुमचा प्रबंध परत आलाय. यंत्रात टाकला होता, नकल तपासायला. बाकी ठीक. चौथं प्रकरण निम्म्याहून जास्त जुळतंय."

कशाशी जुळतंय सर?

"मेमध्ये छापून आलेल्या एका लेखाशी. तुम्ही तो वाचला होता का?"

मी म्हटलं, सर, ते माझं आहे. ते म्हणाले, सगळे असंच म्हणतात. मग, "तसं नव्हतं म्हणायचं मला. लेख पाठवतो. वाचा."

लेख कोणाचा ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. काहून नाही विचारलं?


२९ ऑगस्ट, गुरुवार

फोनवर लेख उघडेना. लायब्ररीत गेले. काझी सरांनी उघडून दिला अन् उठून दुसऱ्या टेबलावर गेले. त्यांनी नाव पाहिलं होतं.

माधुरीताई. एकटीचंच नाव.

माझी वाक्यं, चांगल्या इंग्रजीत. म्हणजे भाषा तपासून झाली होती तर. अगोदरचा गोडवा तिथं "अर्ली स्वीटनर" आहे. ते भाषांतरही माझंच, कच्च्या मसुद्यातलं.

शेवटी टेबल. सिमेंट कंपनी. तारीख सतरा.

मी स्क्रीनवर त्या तारखेवर बोट ठेवलं. माझी चूकही नेली. दुरुस्त करायचेही कष्ट घेतले नाहीत.

काझी सर चहा घेऊन आले. म्हणाले, "मॅडम, फाईल भेजी थी तो मेल में तारीख रहती है. प्रिंट निकाल लो. आज ही." तेवढंच बोलले.


३० ऑगस्ट, शुक्रवार

तब्येतीचं कारण सांगून गेले नाही. तीन तास गेले.

लॅपटॉप सात फेब्रुवारीला. फाईल बारा फेब्रुवारीला. मधे पाच दिवस. मी याच गोष्टीवर प्रबंध लिहिला अन् मलाच

जाऊ दे.


४ सप्टेंबर, बुधवार

तास संपल्यावर त्यांच्या केबिनमध्ये गेले.

"ताई, तुमच्या टेबलात सिमेंट कंपनीची तारीख सतरा आहे."

"बरं मग?"

"अकरा पाहिजे."

त्यांनी पेन खाली ठेवलं. उठून दार लावलं. मग बोलल्या, एकदम बोलल्या, जसं आधीपासून तयार होतं. दोन पेपर कमी पडत होते. पन्नाशी उलटली, हे प्रमोशन हुकलं असतं तर परत नाही. तू मेलमध्ये स्वतः लिहिलं होतंस, हवं तसं वापरा. तुझ्या प्रबंधाला काही होईल असं वाटलंच नाही गं, यंत्र असं पकडतं हे मला कुठं माहीत.

मी म्हटलं, नाव तरी टाकायचं होतं. दुसरं नाव. शेवटी, बारीक अक्षरात.

"एकटीचं असलं की गुण जास्त मिळतात." हे त्यांनी खाली बघून सांगितलं. लाज वाटली असेल. मला तेवढ्यानंही दया आली, इतकी मी मूर्ख.

मी रडले नाही म्हणून की काय, त्यांचा सूर बदलला.

"आणि तुम्हाला काय, तुमच्यासाठी जागा निघतच असतात. आमचं तसं नाही."

सात वर्षं त्यांनी मला तू म्हटलं. आज पहिल्यांदा तुम्हाला. आदरानं नव्हतं ते.

सात वर्षं एकाच डब्यात. विहारात येऊन बसल्या. ते सगळं चालू असताना हे वाक्य आत कुठं होतं?


५ सप्टेंबर, गुरुवार

शिक्षक दिन. मुलांनी सगळ्यांना स्टेजवर उभं केलं, गुलाब दिले. मी त्यांच्या शेजारी. फोटो. माधुरीताईंनी भाषण केलं: शिक्षक दिवा असतो इत्यादी. टाळ्या. मी पण वाजवल्या, हात आपोआप वाजले.


६ सप्टेंबर, शुक्रवार

डबा एकटीनं खाल्ला, लायब्ररीच्या मागच्या पायरीवर. सुनीलला सगळं सांगितलं. तो भडकला, मोटरसायकल काढली, मी चावी काढून घेतली.

लॅपटॉप परत करायचाय. पण सुधारणा त्यावरच आहेत. आधी काझी सरांकडून पेन ड्राइव्ह मागून घ्यावा लागेल.


११ सप्टेंबर, बुधवार

गाईड सरांच्या घरी. त्यांच्या बायकोनं पोहे केले. सर चष्मा पुसत राहिले, पोहे संपेपर्यंत.

म्हणाले, तुमचं खरं आहे. मला तुमचा मसुदा फेब्रुवारीपासून माहीत आहे.

मग लिहून द्या सर, तेवढंच.

"देईन. पण विचार करा. तक्रार केली की समिती बसते. वर्ष जातं, दोन जातात. तोवर व्हायवा नाही. पदवी नाही, तर कायम जागेसाठी अर्ज नाही. दुसरा मार्ग आहे. त्यांना सांगा, दुरुस्ती छापून तुमचं नाव घाला. सहलेखिका झालात की तो तुमचाच लेख होतो. स्वतःच्या लेखाशी जुळलं तर यंत्राचा आक्षेप उरत नाही."

म्हणजे आम्ही दोघींनी मिळून केलं असं सांगायचं?

सरांनी परत चष्मा पुसला. "अर्धं तरी वाचेल, मॅडम."

मला शिकवताना हे सर म्हणायचे, आकडे सोयीसाठी वाकवू नका.


१५ सप्टेंबर, रविवार

माधुरीताई घरी आल्या. सरांनी फोन केला असणार. हातात फाईल, पेढे नाहीत.

ओसरीत बसल्या. सासूबाईंनी चहा ठेवला. सुनील दारातच उभा, आत नाही अन् बाहेर नाही.

"सुजाता, त्या दिवशी मी जे बोलले ते रागात. मनात धरू नको." मग फाईल उघडली. संमतीपत्र. मजकूर असा की हा लेख दोघींच्या चर्चेतून झाला, लेखनाची जबाबदारी माझ्या संमतीनं माधुरी मॅडमनी घेतली, माझं नाव नजरचुकीनं राहिलं. तारीख दहा फेब्रुवारी. मागची.

"यावर सही कर. नियतकालिकाला मी कळवते, तुझं नाव दुसरं येईल. तुझा प्रबंध सुटतो. पुढच्या वर्षीचे तास पण तुझेच. मी काय वैरी आहे का तुझी?"

सासूबाई चहा घेऊन आल्या. विचारलं, "या कागदात काय लिवलं?"

मी वाचून दाखवलं. मराठीत सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे तिनं नेलं, अन् म्याच देल्लं होतं असं तू लिहून द्याचं?"

माधुरीताई म्हणाल्या, "आई, तसं नाही ते..."

"मी तुमची आई नाही बाप्पा," सासूबाई म्हणाल्या. "चहा घ्या. निवून राह्यला."

त्यांनी चहा घेतला. पूर्ण घेतला. कागद ठेवून गेल्या. "दोन दिवस विचार कर." दारात सुनीलनं वाट सोडली.


१६ सप्टेंबर, सोमवार

सुनीलशी भांडण. वाटलं नव्हतं तो असं म्हणेल.

"सही करून टाक."

मी पाहतच राहिले.

"काय पाह्यतं? पाच वर्षं तू एक लग्न नाही पाह्यलं, एक सण नाही. माह्या कंत्राटाचा भरवसा नाही. कागदानं तू डॉक्टर होत असशील तं हो. मंग भांडू तिच्यासंग, आयुष्यभर भांडू."

त्या दिवशी तर मोटरसायकल काढत होतास.

"त्या दिवशी राग होता. आज डोस्कं हाये."

तू पण? हे मी म्हटलं नाही. त्यानं ऐकलं मात्र. जेवला नाही, तसाच ड्युटीवर गेला.

तो चुकीचं बोलत नाही, हेच वाईट. सही केली तर सगळं मिळतं: नाव, पदवी, तास. फक्त ते चौथं प्रकरण कसं झालं हे कोणालाच कधी खरं सांगता येणार नाही. मलाही नाही, काही वर्षांनी. माझाच त्या कागदावर विश्वास बसेल.


१७ सप्टेंबर, मंगळवार

कागद ट्रंकेत. काढला. परत ठेवला.

आज वर्गात कर्जरोखे. शिकवताना मधेच काय बोलत होते ते विसरले. मुलांनी वाट पाहिली. चांगली मुलं आहेत.


२० सप्टेंबर, शुक्रवार

तक्रार दिली. विद्यापीठाच्या नावानं, रजिस्टर पोस्टानं. सोबत बारा फेब्रुवारीचा मेल, दोन्ही टेबलं, सिमेंट कंपनीची मूळ नोटीस. संमतीपत्राची कोरी प्रतही जोडली, सही न केलेली.

पोस्टातल्या माणसानं विचारलं, आत काय आहे? कागद, म्हटलं.

प्राचार्यांकडे एक प्रत द्यावीच लागते. त्यांनी वाचून कपाळ चोळलं. "मॅडम, घरातलं भांडण घरात मिटवायचं असतं."

लॅपटॉप केबिनबाहेरच्या टेबलावर ठेवून आले, त्याच पिशवीत.

घरी सांगितलं. सुनीलनं पोस्टाची पावती दोनदा वाचली. सासूबाई म्हणाल्या, "बरं केलं का वाईट केलं, मले नाही समजत. पण तू जेव आधी."


२७ सप्टेंबर, शुक्रवार

नवीन वेळापत्रक लागलं. माझे तास निम्मे. वित्तीय व्यवस्थापन काढून घेतलं, व्यापारी पत्रलेखन दिलं. खाली विभागप्रमुखाची सही.

स्टाफरूममध्ये मी आले की बोलणं थांबतं. दोघी-तिघी खाजगीत येऊन म्हणाल्या, तुझं बरोबर आहे. खाजगीतच.


९ ऑक्टोबर, बुधवार

समितीपुढे. सुनीलनं न सांगता रजा टाकली होती. सकाळी कपडे करून तयार. "एकटी जाशील का तू?" म्हणे. गाडीत खिडकीची जागा मला दिली.

तीन जण. आधी माधुरीताई. मला समोरच बसवलेलं. अध्यक्षांनी विचारलं, हे टेबल कसं तयार केलं, समजावून सांगा.

आणि त्यांनी सांगितलं. कंपन्या कशा निवडल्या, लाभांश नेमानं देणाऱ्या वेगळ्या कशा काढल्या, घोषणेच्या आधीचे दिवस का मोजायचे, वाढीव लाभांश कर्जाच्या जवळ आला की बाजार आधी गप्प का राहतो. एकही अडखळण नाही. पाच वर्षं मी जेवताना जे जे बोलत होते ते सगळं. उदाहरणं माझी, थांबायच्या जागासुद्धा माझ्या. मी ऐकत होते अन् मला वाटत होतं, किती चांगलं सांगतेय ही.

मग मी. इंग्रजीत विचारलं, मी मराठीत उत्तर दिलं, मग घाईत इंग्रजी, मग दोन्हीची खिचडी. तारखेची चूक दाखवली. एका सदस्यांनी मान हलवली, लिहून घेतलं.

अध्यक्षांनी मेलची प्रत वर धरली. "हे तुमचंच वाक्य ना? ताई, हवं तसं वापरा?"

हो.

"मग?"

मी म्हटलं, सर, ते विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी मागितलं होतं.

"तसं इथं कुठं लिहिलंय?"

कुठंच नाही. तोंडी मागितलं होतं, डबा खाताना. डबा खाताना कोण लिहून घेतं?

गाईड सरांचं पत्र होतं. आलं होतं, हे खरं. त्यात लिहिलं होतं की विद्यार्थिनीच्या मसुद्याची "सर्वसाधारण कल्पना" त्यांना होती. दोनदा वाचलं मी ते. सर्वसाधारण.

निर्णय पत्रानं कळवू.

बाहेर सुनील लिंबाखाली बसला होता. त्यानं उसाचा रस पाजला. माधुरीताईंची गाडी समोरून गेली, काच खाली झाली, परत वर झाली.


१२ ऑक्टोबर, शनिवार

सासूबाई, गल्लीतल्या सगळ्या बाया, नागपूरला दीक्षाभूमीवर. मी गेले नाही, पहिल्यांदाच. घरात शांत. जुन्या टेबलांवरून हात फिरवला. विचार केला, चौथं प्रकरण काढूनच टाकलं तर? उरलेल्यावर पदवी मिळेल कदाचित. ज्यात माझं काहीच नाही असा प्रबंध.


११ नोव्हेंबर, सोमवार

पत्र नाही. फोन केला. "प्रक्रियेत आहे."

मागच्या बाकावरची ती मुलगी भेटली गेटवर. "मॅडम, तुमी आमाले काहून नाही शिकवत आता?" वेळापत्रक बदललं, म्हटलं. "नवीन मॅडम नुसतं वाचून दाखवतात." मला आनंद झाला. नंतर वाईट वाटलं की झाला.


२७ नोव्हेंबर, बुधवार

परीक्षेचं पर्यवेक्षण. यादीत नाव पाहिलं: हॉल दोन, माधुरी मॅडम अन् मी. कोणी मुद्दाम लावलं की आपोआप लागलं, माहीत नाही. बदलून मागायला गेले तर क्लार्क म्हणे, आता काही होत नाही.

तीन तास. त्या दाराकडून, मी खिडकीकडून. मधे बाकांच्या रांगा. एकदा पुरवण्या द्यायला समोरासमोर आलो, त्यांनी बाजूला होऊन जागा दिली. केस एकदम पिकलेत, कानाजवळ. रंगवायचं सोडलं असेल. त्यांच्याकडेही पत्र आलेलं नाही, एवढं क्लार्ककडून कळलं होतं.

शेवटची पंधरा मिनिटं उरली तेव्हा त्या माझ्या खिडकीपाशी येऊन उभ्या राहिल्या. मुलांकडे बघत, हलक्या आवाजात म्हणाल्या, "सुजाता. निकाल माझ्याविरुद्ध लागला तरी चालेल. पण हे सगळं संपल्यावर तू माझ्याशी बोलशील का?"

मी बाहेर पाहत होते. मैदानात कोणाची तरी सायकल पडलेली. खोटं वाटलं नाही मला ते. त्याचीच भीती वाटली. म्हणजे अजूनही त्या विचारतात अन् मी उत्तर शोधते.

हो म्हणाले असते का? नाही म्हणाले असते का? आता लिहितानाही ठरत नाही.

घंटा झाली. मी म्हटलं, "तिकडून गोळा करा, मी इकडून करते."